टीव्हीआर ३५०आय घेताय? आधी गाडीखाली बघा

गेल्या आठवड्यात एका जाहिरातीत, मला गाडी विकून फसवणाऱ्यानं वापरलेलं तेच वाक्य पुन्हा दिसलं: "खालून नुकतंच अंडरसील (गंज रोखणारा काळा थर) केलंय, काहीही काम नाही." फोन नंबरही तोच. म्हणून लिहायला बसलो. इंग्लंडमध्ये राहणारे आपले बरेच जण जुन्या गाड्यांच्या नादात असतात. त्यांनी पैसे द्यायच्या आत हे वाचावं.

मला टीव्हीआर या ब्रिटिश कंपनीची १९८४ ची ३५०आय ही स्पोर्ट्स कार हवी होती. ब्लॅकपूलच्या छोट्या कारखान्यात हातानं बांधलेली, ऑलिव्हर विंटरबॉटम यांनी आखलेली ती पाचरीसारखी टोकदार गाडी. बॉनेटखाली रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८. ते इंजिन सुरू झालं की अंगावर काटा येतो, आजही येतो.

विकणाऱ्यानं घरी बोलावलं नाही. "तुम्हाला लांब पडेल, मीच अर्ध्या वाटेवर येतो," म्हणाला. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटलो. व्ही५सीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव दुसऱ्याचं होतं. "काकांची गाडी, ते आजारी आहेत." मला त्याची दयाच आली. एमओटीबद्दल, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीबद्दल, विचारलं तर म्हणाला, "चाळीस वर्षं झाली, आता लागत नाही." नियम खरोखरच तसा आहे, आणि माझा घात तिथेच झाला. एमओटी लागत नाही याचा अर्थ गाडी कुणी तपासली आहे असा होत नाही. हवी असेल तर चाचणी स्वेच्छेनं करून घेता येते. कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स. मी ११,५०० पौंड बँकेतून थेट पाठवले.

या गाडीचं वरचं अंग फायबरग्लासचं, त्याला गंज चढतच नाही. रंग आरशासारखा चमकत असतो. पण आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या नळ्या, म्हणजे आउटरिगर, पाण्या-मिठात कुजतात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते आत जाऊन बसतं. आमच्या मेकॅनिकनं गाडी रॅम्पवर चढवून त्या ताज्या काळ्या थरावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. खाली नळी उरलीच नव्हती. गंजाच्या पापुद्र्यांवर भरणी लिंपून वरून काळं फासलेलं. बॉडी उचलून दुरुस्ती करायचा अंदाज ९,००० पौंड.

त्या रात्री सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला. जुन्या एमओटी चाचण्यांच्या नोंदी फुकट दिसतात. २०११ च्या नोंदीत आउटरिगर गंजल्याची सूचना स्पष्ट होती. दोन मिनिटांचं काम, मी केलं नव्हतं.

पुढे कळलं, विकणाऱ्याच्या त्याच फोन नंबरवरून आणखी चार गाड्या विकायला होत्या. म्हणजे हा धंदेवाईक, खासगी मालक असल्याचं सोंग घेतलेला. हे सोंग फुकट नसतं: व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं जे संरक्षण मिळतं, ते खासगी व्यवहारात मिळत नाही. मी जाहिरातींचे स्क्रीनशॉट घेऊन ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीची दखल घेणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, तक्रार पोहोचवली आहे. तुम्हीही आधी फोन नंबर शोधून बघा. किंमतीतला थोडा भाग जरी क्रेडिट कार्डावर देता आला तर द्या. व्यापाऱ्याकडची ३०,००० पौंडांपर्यंतची गाडी असेल तर कार्ड कंपनीकडे दाद मागता येते.

आणि गाडी रॅम्पवर चढवायला तो नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.