कार्डावर वेबसाइट छापायची की नाही?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या छपाईच्या दुकानात व्हिजिटिंग कार्डं करायला आलेला माणूस हल्ली हमखास विचारतो, "वेबसाइट करून घेऊ का हो?" उत्तर धंद्यावर अवलंबून आहे, म्हणून दोन गिऱ्हाइकांचं सांगतो. एक पाचपाखाडीतल्या काकू, घरून पोळीभाजीचे डबे देतात. दुसरा नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याचा, सोसायट्यांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार. दोघांची खर्चाची तयारी सारखीच, वर्षाला पंधरा-वीस हजार.

काकूंना मी वेबसाइट नको म्हणालो. डबा हवा असलेला माणूस मोबाइलवर 'टिफिन जवळपास' टाकतो, मॅपखाली दोन-तीन नावं दिसतात, त्यातल्या एकाला फोन लावतो. वाचत कोण बसतंय? ही नावं येतात गूगल बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे धंद्याच्या गूगलवरच्या नोंदीतून. ते फुकट असतं. २०२१ मध्ये नाव बदललं, पण आमच्याकडे अजून सगळे गूगल माय बिझनेसच म्हणतात. तिथे गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम जुळतं का, तुम्ही किती लांब आहात आणि तुमचा बोलबाला किती. अंतर आपल्या हातात नाही. कासारवडवलीतल्या माणसाला पाचपाखाडीचा डबा सहसा दिसणार नाही, आणि दिसला तरी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून काकू तो गरम पोचवणार कशा?

जे हातात होतं ते अर्धवट होतं. प्रकार 'रेस्टॉरंट' निवडलेला, त्यामुळे दुपारी लोक जेवायला दारात हजर. गिऱ्हाईक घरी येत नसेल तर पत्ता लपवायचा आणि डबे कुठे कुठे देता ते भाग भरायचे, वीसपर्यंत चालतात. पुतण्याने हुशारी करून नावातच 'बेस्ट घरगुती टिफिन ठाणे वेस्ट' घुसवलं होतं. ते काढायला लावलं. लोक ज्या नावाने ओळखतात तेच लिहायचं, नाहीतर प्रोफाइल बंद पडू शकतं. रिव्ह्यूच्या बदल्यात गुलाबजाम देणंही नियमात बसत नाही, तोंडाने मागायला हरकत नाही.

कंत्राटदाराला प्रोफाइल हवंच, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. गच्चीच्या कामाला सोसायटीचे लाखो रुपये जातात आणि कमिटीत पाच माणसं, सहा मतं. त्यातले सेक्रेटरी रात्री जेवून झाल्यावर 'ब्रिकबॅट कोबा की मेम्ब्रेन' असं शोधत बसतात, म्हणजे वॉटरप्रूफिंगची कुठली पद्धत बरी ते. त्यांना नीट समजावून सांगणारं पान ज्याचं, त्याला कोटेशनसाठी फोन जातो. इथे वेबसाइट पैसे वसूल करते.

त्याची जुनी वेबसाइट मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. गूगलमध्ये निळ्या अक्षरात दिसते त्या ओळीत, म्हणजे पानाच्या टायटलमध्ये, नुसतं 'होम'. कामांची यादी एका बॅनरच्या फोटोत, म्हणजे गूगलला वाचायला मजकूर जवळपास नाहीच. फोटो मोबाइलवरून जसेच्या तसे चढवलेले, सहा-सहा एमबीचे. पान उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे जातो. आम्ही टायटल केलं 'गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कोपरखैरणे, वाशी, ऐरोली'. प्रत्येक कामाला वेगळं पान, त्यावर किती दिवस लागतात, गॅरंटी कशाची, कशाची नाही. तो म्हणाला, मग प्रत्येक नोडचं, म्हणजे नवी मुंबईतल्या वाशी-ऐरोलीसारख्या भागाचं, एकेक पान करू, फक्त गावाचं नाव बदलू. तसं करू नका. एकच मजकूर दहा नावांनी छापलेला गूगलला चालत नाही. त्यापेक्षा नेरुळच्या एका खऱ्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो द्या.

एक अडचण मात्र आहे: वेळ. असल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष, असं गूगलच सांगतं. गळतीचे फोन येतात मे-जूनमध्ये, म्हणजे पानं दिवाळीच्या सुमारास तयार हवीत. मे महिन्यात जाग आली असेल तर गूगलवर जाहिरात द्यावी. तिथे क्लिकमागे पैसे कापले जातात आणि पैसे थांबले की तुम्हीही गायब. जाहिरात दिल्याने खालच्या फुकटच्या निकालांत नंबर वर सरकत नाही. पहिल्या वर्षी त्याने दोन महिने ती दिली, माझ्या मते बरोबर केलं.

आता वेबसाइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्यांचे ते फोन: 'पहिला नंबर, गॅरंटीने.' अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही, हेही गूगलनेच लिहून ठेवलंय. या कंत्राटदाराकडून एकाने सहा महिने पैसे घेतले, कामात दाखवलं काय, तर कीवर्ड्सचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी, भरला. तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. वर डोमेनही, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं, ते सोडवताना नाकीनऊ आले. डोमेन आपल्याच नावावर घ्या. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात कुठल्या शब्दांवर तुम्ही दिसलात आणि किती क्लिक झाले ते कळतं. ज्याला काम द्याल त्याच्याकडे त्याचेच आकडे मागा.

काकूंनाही कधीतरी वेबसाइट लागेल, फराळ कुरियरने पुण्या-नाशिकला जायला लागला की. प्रोफाइल शेवटी गूगलच्या जागेवरचं. त्यातूनच बनणाऱ्या फुकट वेबसाइट्स गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा कुणाचं काही चाललं नाही. तूर्त त्यांच्या कार्डावर वेबसाइटच्या जागी क्यूआर कोड छापलाय, स्कॅन केला की थेट रिव्ह्यू लिहायचं पान उघडतं. डब्याच्या झाकणावर चिकटवायला त्यांनी त्याचेच दोनशे स्टिकर्सही मागवलेत.