६५ मायक्रॉनचा एसपीएमई फायबर: घ्या, पण सगळ्या केसेस त्याच्यावर टाकू नका

एसपीएमई म्हणजे लेप दिलेल्या बारीक काचतंतूवर (फायबरवर) नमुन्यातलं औषध ओढून घेऊन ते तपासयंत्रात सोडणं. ६५ मायक्रॉन ही लेपाची जाडी. लेप पीडीएमएस-डीव्हीबी या पॉलिमरचा, फायबर धरणारा होल्डर हाताने चालवायचा. यवतमाळ-वाशीमकडच्या कॉलेजात जीसी-एमएस (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणारं यंत्र) असेल, तर लघवीतल्या अ‍ॅम्फेटामीन, मेथॅम्फेटामीन या नशेच्या औषधांसाठी हा पैसे वसूल करतो. पाचपैकी साडेतीन गुण.

नवा फायबर वाहक वायूखाली २५० अंशांवर अर्धा तास तापवा. व्हायलमध्ये १ मिली लघवी, ड्युटेरियमयुक्त इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मापाने घातलेला पदार्थ), ०.५ ग्रॅम मीठ. कॉस्टिक सोडा शेवटी, आणि झाकण लगेच आवळा. अ‍ॅम्फेटामीनचा पीकेए (ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) १० च्या आसपास. सामू त्याच्या बराच वर गेला की ते हवेत यायला लागतं, उघड्या व्हायलमधून उडूनही जातं. ७० अंशांवर १० मिनिटं तापवून फायबर १५ मिनिटं वरच्या हवेत ठेवा. इन्लेट (जीसीचं नमुना घेणारं तोंड) २५० अंश, स्प्लिटलेस (सगळी वाफ आत जाऊ द्यायची), लायनर (इन्लेटमधली काचनळी) ०.७५ मिमीचा, रुंद लायनरने पीक पसरतं. दर नमुन्यानंतर नमुन्याविना कोरा रन घ्या, मागचा माल फायबरवर उरतो.

फायबर रक्तात बुडवू नका. प्रथिनं चिकटली की लेप गेला. फायबरची काच तर बोट लागलं तरी तुटते.

आपल्याकडची खरी अडचण विजेची. लाइन गेली की वाहक वायू थांबतो, फायबर मात्र गरम इन्लेटमध्येच राहतो आणि हवा शिरली की लेप जळतो. यूपीएस नसेल तर घेऊच नका. व्हिसेरा (शवविच्छेदनातले अवयव) मिठाच्या संपृक्त पाण्यात येतो, म्हणून कॅलिब्रेशनही तेवढ्याच मिठात करा, नाहीतर आकडे फुगतात.

मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पिलेल्याची केस असेल तर हेडस्पेसमध्ये (नमुन्यावरच्या हवेत) फायबर धरून काही हाती लागत नाही. ते पाण्यातच रमतं. मोहाच्या दारूला फायबर कशाला, इथेनॉलसाठी साधं हेडस्पेस पुरतं.

रक्तातल्या डायझेपाम या गुंगीच्या औषधाला डीएलएलएमई (पाण्यात बारीक थेंबांनी विखुरलेल्या द्रावकात औषध ओढून घ्यायची पद्धत) बरी, आणि स्वस्तही. ०.५ मिली रक्तात १ मिली थंड अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं पाडा, सेंट्रिफ्यूज करा. वरचं द्रावण फेकू नका, विखुरणारा द्रावक तोच. त्यात १०० मायक्रोलीटर क्लोरोफॉर्म मिसळून ४ मिली क्षारीय पाण्यात सिरिंजने जोरात सोडा; दुधाळ झालं पाहिजे. ४,००० आरपीएमवर ५ मिनिटं फिरवा, तळाचा थेंब उचला. नळी निमुळती आणि काचेचीच हवी, पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. थेंबाभोवती पांढरा पडदा दिसला तर प्रथिनं नीट पडलेली नाहीत. तो थेंब जीसीत टोचू नका, नव्या रक्तापासून सुरुवात करा.