एका कॉलमचा साधा रेझ्युमे, वाळूजमधे नोकरी शोधताना वापरलेला, अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत बनवलेला रेझ्युमे पावसाळा लागला तरी तोच चालवायलोय, मधे त्याच्यावर नोकरी पण बदलली, म्हणून म्हणलं लिहावं. मी डिप्लोमा मेकॅनिकल, वाळूजला (संभाजीनगरजवळची एमआयडीसी) व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या, क्वालिटीला. टेम्पलेट म्हणजे फार काय नाही, कुठल्या पण डॉक्युमेंट अ‍ॅपमधे फुकट भेटतो तो, एकच कॉलम, काळा-पांढरा, वर नाव-नंबर अन् खाली अनुभव, स्किल, शिक्षण. बास.

रूममेटनी पैसे भरून रंगीत घेतला होता. डाव्या साइडला निळी पट्टी, गोल फोटो, अन् स्किलपुढं स्टार, ऑटोकॅडला ५ पैकी ४. आता ४ स्टार म्हणजे नेमकं काय येतं हे इंटरव्ह्यूवाल्याला कळंना अन् ह्याला सांगता येईना. पण रंगीतचा खरा घोळ पोर्टलवर होतो. मोठ्या कंपन्या, पुणे-चाकणकडचे लोक अर्ज ऑनलाइन घेतात, तिथं सॉफ्टवेअर आपली फाइल वाचून रकाने भरतं, अन् दोन कॉलम, टेबल, चित्रातला मजकूर असलं काही आलं की बऱ्याचदा गडबडतं. रूममेटच्या कंपनीच्या नावाच्या रकान्यात क्रिकेट आलं होतं, छंदातलं! चेक करायचं सोपंय, पीडीएफमधला सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमधे पेस्ट करा, ओळी क्रमानं आल्या तर ठीक, खिचडी झाली तर सॉफ्टवेअरला पण खिचडीच दिसणार. अन् काहीच सिलेक्ट होत नसंल तर ती पीडीएफ नुसता फोटोय, झेरॉक्सवाल्याकडनं स्कॅन करून आणली की हेच होतं.

टेम्पलेटपेक्षा फरक पडला तो अनुभवाच्या ओळींनी. आपल्याकडं सगळ्यांच्या कागदावर तेच, क्वालिटी मेंटेन करणे, टीमसोबत काम करणे. मी त्याच्या जागी कुठला पार्ट, कुठलं इन्स्ट्रुमेंट, पुढं त्याचं काय केलं हे टाकलं. शाफ्ट अन् बुशचं इनप्रोसेस इन्स्पेक्शन, व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज (भोकाचं आतलं माप घ्यायचं), रोजची रिजेक्शनची नोंद, कस्टमर कंप्लेंट आली तर ८डी रिपोर्टला (कंप्लेंटचं कारण अन् उपाय आठ पायऱ्यांत लिहितात तो) मदत. मदत असंच लिहिलंय, रिपोर्ट केला असं नाही, कारण लिहिलेल्या ओळीवरच प्रश्न येतो. आला पण. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे कमीत कमी किती माप वाचता येतं, ०.०२ मिमी. मायक्रोमीटरचा, ०.०१ मिमी. मग बोअर गेज झिरोला कसा सेट करता. सगळा इंटरव्ह्यू माझ्याच कागदावर फिरला, बाहेरचं काहीच विचारलं नाही. आणि ते आयएटीएफ १६९४९, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचं क्वालिटीचं स्टँडर्ड, जो तो स्किलमधे टाकतो. अरे ते सर्टिफिकेट कंपनीला असतं, तुम्ही इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग केलं असंल तर ते लिहा, नायतर आयएटीएफवाल्या कंपनीत काम केलंय एवढंच.

पत्त्यात गाव टाकलंच नाही, नुसतं सध्या मुक्काम बजाजनगर, ते वाळूजमधेच. एचआर बघतो पोरगा शिफ्टला टायमावर येईल का, जालन्याचा का परभणीचा ते नंतर गप्पात निघतंच.

गॅपचं म्हणाल तर इकडं निम्म्या पोरांना एक-दोन वर्षांचा गॅप असतोच, पोलीस भरती नायतर एमपीएससी. लपवायला जाऊन तारखा ओढून-ताणून जुळवू नका, पीएफच्या रेकॉर्डमधे जॉइनिंग-लिव्हिंगच्या तारखा दिसतात. मी एका ओळीत २०२१ ते २०२२ स्पर्धा परीक्षेची तयारी लिहून टाकलं, त्याच्यावर कुणी दुसरा प्रश्न नाही विचारला.

वडलांचं नाव, धर्म, लग्न झालं का, खाली ते डिक्लरेशन अन् सही, सगळं काढलं. घरचे म्हणायले हा कसला बायोडाटा. पण एवढं काढल्यावर एका पानात बसतंय, अन् ते सगळं लग्नाच्या बायोडाटात शोभतं. हां, गेटवरच्या वॉक-इनला मात्र फोटो अन् आधारची झेरॉक्स मागतातच, ती फाइलमधे वेगळी ठेवा.

तक्रारी पण हायेत. फोनवर एडिट करताना उजवीकडच्या तारखा सरकतात, लै डोकं खाल्लं त्यानी, शेवटी तारखा कंपनीच्या नावाखालीच घेतल्या. टेम्पलेटमधला नमुन्याचा मजकूर पूर्ण पुसला का बघा, एका मित्राचा रेझ्युमे खाली तसल्या लॅटिन ओळींसकट एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन पडला होता. अन् डिझाइन-बिझाइन, जाहिरातवाल्या लाइनला हा चालंल असं मला वाटत नाही, तिथं लोक तुमचा हात बघतात.

फाइल पाठवताना पीडीएफच, नावात स्वतःचं नाव अन् पोस्ट, नुसतं रेझ्युमे फायनल न्यू २ नको. वर्डची फाइल फोनवर उघडली की लाइनी इकडच्या तिकडं होतात. कन्सल्टन्सीवाले मात्र मुद्दाम वर्डच मागायलेत, त्यांना आपला नंबर काढून त्यांचं लेटरहेड लावायचं असतं म्हणजे कंपनी डायरेक्ट आपल्याला फोन करणार नाही. द्यायची असली तर द्या, पण कुठल्या कंपनीला पाठवणार ते आधी विचारून घ्या, नायतर एकाच कंपनीत दोन बाजूंनी अर्ज जातो अन् मग कन्सल्टन्सी अन् एचआरच्या भांडणात आपलं नाव अडकून बसतं.