अ‍ॅक्रोबॅट प्रोमधली ट्रान्सपरन्सी तपासणी: बघायला उत्तम, फ्लॅटन करताना जपून

छपाईची प्लेट काढण्याआधी पीडीएफमधली ट्रान्सपरन्सी (सावल्या, अर्धपारदर्शक भाग) तपासायला अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट प्रोचा ‘प्रिंट प्रॉडक्शन’ टूलसंच अजूनही भरवशाचा आहे. पण त्यातली दोन टूल्स एकाच पंक्तीत बसत नाहीत. ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ प्रत्येक फाइलला लावावं असं आहे, तर ट्रान्सपरन्सी फ्लॅटन करणारं, म्हणजे ती साध्या अपारदर्शक तुकड्यांत बदलणारं ‘फ्लॅटनर प्रिव्ह्यू’ अगदी नाइलाज झाला तरच.

आउटपुट प्रिव्ह्यू उघडलं की पानावर ट्रान्सपरन्सी आहे का आणि तिची ब्लेंडिंग कलर स्पेस (स्क्रीनचे आरजीबी रंग की छपाईच्या चार शायांचे सीएमवायके) कोणती, हे लगेच दिसतं. ही दुसरी नोंद बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि काम नेमकं तिथेच बिघडतं. स्पेस आरजीबी असेल तर निव्वळ काळ्या शाईतला मजकूर चार रंगांत विभागला जाऊ शकतो. कर्सर बारीक अक्षरांवर न्यायचा: सेपरेशनच्या (शाईनिहाय टक्क्यांच्या) यादीत काळा १०० आणि बाकी तिन्ही शून्य हवेत. सायन-मॅजेंटातही आकडे दिसले, तर रजिस्ट्रेशन (शायांची एकमेकींवरची जुळणी) जरासं हललं तरी ८ पॉइंटच्या अक्षराला रंगीत कडा येणार. इलाज मूळ फाइलीतच करायचा. इनडिझाइनच्या एडिट मेनूत ‘ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस’ डॉक्युमेंट सीएमवायके करा आणि पीडीएफ पुन्हा काढा.

दुसरी हमखास तक्रार म्हणजे स्पॉट कलरवरच्या (स्वतंत्र तयार शाईच्या रंगावरच्या) सावलीभोवती उमटणारा पांढरा चौकोन. आउटपुट प्रिव्ह्यूमधल्या ‘सिम्युलेट ओव्हरप्रिंटिंग’ची (ओव्हरप्रिंट म्हणजे एका शाईवर दुसरी छापणं) खूण काढून बघा. चौकोन तेव्हाच दिसत असेल, तर फाइल आधीच फ्लॅटन झाली आहे आणि सावली ओव्हरप्रिंटवर टिकून आहे. रिपने (फाइल प्लेटसाठी ठिपक्यांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने) ओव्हरप्रिंट पाळलं नाही तर तो चौकोन कागदावर येतोच. छपाईआधी हे एका क्लिकमध्ये कळणं, एवढ्यासाठीसुद्धा हे टूल घ्यावं. डिफरन्स, ल्युमिनॉसिटी असे ब्लेंड मोड (रंग मिसळायच्या पद्धती) मात्र स्पॉट कलरवर मुळातच लावू नयेत.

‘ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर’ही कामाचा. सावलीवर क्लिक केलं की ब्लेंड मोड आणि इमेजचं रिझोल्यूशन कळतं. ७२ पीपीआय (इंचाला पिक्सेल) दिसलं तर इलस्ट्रेटरमधली ‘डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज’ ३०० करून फाइल परत मागवा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये त्यावर उपाय नाही.

आता फ्लॅटनर प्रिव्ह्यू. कुठल्या भागाचं रास्टर (पिक्सेलचं चित्र) होणार, कुठल्या मजकुराच्या आउटलाइन (अक्षरांऐवजी नुसते आकार) होणार, हे रंगवून दाखवतं तोवर ते चांगलं आहे. दुखणं ‘अप्लाय’नंतरचं. हाय रिझोल्यूशन प्रीसेट घेतला तरी सावलीखाली आलेली अक्षरं आउटलाइन होऊन शेजारच्यांपेक्षा किंचित जाड दिसतात. एकाच परिच्छेदात अर्धी ओळ बारीक, अर्धी ठसठशीत. ‘सर्व मजकूर आउटलाइन’ निवडलं तर जाडी एकसारखी होते, पण मग ऐन वेळी मजकुरात दुरुस्ती करायची सोय उरत नाही. त्यापेक्षा मूळ फाइलीत मजकुराचा लेयर सगळ्यांत वर ठेवावा. अमुक एक ऑब्जेक्ट वगळून बाकीचं फ्लॅटन कर, असं या टूलला सांगता येत नाही, ही मोठी उणीव. आणि एकदा सेव्ह केलं की ट्रान्सपरन्सी परत येत नाही. प्रत वेगळ्या नावानेच ठेवा.

फ्लॅटन केलेल्या पानावर पांढऱ्या बारीक रेघा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. झूम वाढवा. रेघ तेवढीच बारीक राहिली तर तो स्क्रीनचा खेळ. ‘पेज डिस्प्ले’मधलं ‘स्मूद लाइन आर्ट’ बंद केलं की जाते. झूमबरोबर जाड झाली तर मात्र फट खरी आहे.

छापखाना पीडीएफ/एक्स-४ (ट्रान्सपरन्सी चालणारा छपाईचा पीडीएफ प्रकार) घेत असेल तर फ्लॅटन करूच नका. ट्रान्सपरन्सी पीडीएफ १.४ पासून, म्हणजे २००१ पासून फॉरमॅटमध्ये आहे आणि २००६ मध्ये आलेलं अ‍ॅडोबी पीडीएफ प्रिंट इंजिन ती थेट हाताळतं. पीडीएफ/एक्स-१ए (ट्रान्सपरन्सी न चालणारा जुना प्रकार) मागणाऱ्यांसाठीच फ्लॅटनर, तोही शक्यतो इनडिझाइनमधून एक्स्पोर्ट करतानाच.

ही दोन्ही टूल्स मोफत रीडरमध्ये नाहीत. तिथे ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू मूळ सेटिंगनुसार फक्त पीडीएफ/एक्स फाइलींना लागू होतो, म्हणून साध्या पीडीएफमध्ये ग्राहकाला तो पांढरा चौकोन दिसू शकतो. प्रूफ पाठवताना ‘पेज डिस्प्ले’मध्ये तो ‘ऑलवेज’ करायला सांगा.