सणाचे ताट की प्रवासातली थाळी: वजन सांभाळणाऱ्या कोल्हापूरकराने मोकळीक कुठे घ्यावी?

वजन आटोक्यात आणायचे ठरवलेल्या माणसाला कोल्हापुरात दोन प्रकारचे प्रसंग टाळता येत नाहीत. एक घरचा: आखाडात त्र्यंबोलीच्या यात्रेला शिजणारे मटण, मग गौरी-गणपती, नवरात्र आणि दिवाळी. दुसरा बाहेरचा: कामानिमित्त पुण्या-मुंबईच्या फेऱ्या, नरसोबाच्या वाडीचे दर्शन, सुट्टीतले कोकण किंवा गोवा, आणि परगावचे पाहुणे आले की त्यांना थाळी खायला नेणे. दोन्हीकडे हात सैल सोडला तर काटा वर सरकतो आणि दोन्हीकडे आखडता घेतला तर थोड्याच दिवसांत सगळे पथ्यच सुटते. त्यामुळे कोणत्या प्रसंगी मोकळेपणाने जेवायचे आणि कोणत्या प्रसंगी ‘नको’ म्हणायचे, हे आधी ठरवून ठेवलेले बरे. खालची तुलना अशा ठरवणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवात दोन्ही बाजूंच्या सर्वांत वजनदार पदार्थांपासून करू. सणाच्या बाजूने पुरणपोळीचे ताट आणि बाहेरच्या बाजूने मटणाची थाळी.

मध्यम आकाराची, पुरण नीट भरलेली एक पोळी साधारण 300 कॅलरीच्या घरात जाते. तिच्यावर तुपाचा एक चमचा पडला की आणखी 40 ते 45 कॅलरी वाढतात, आणि आपल्याकडे तूप चमच्याने मोजून कुणी वाढत नाही. शेजारी गुळवणी, कटाची आमटी, भजी, कुरडई आणि शेवटी मूदभर भात असतो. पुरणात हरभऱ्याची डाळ असल्यामुळे प्रथिने आणि तंतू मिळतात हे खरे, पण डाळीच्या जवळपास बरोबरीने गूळही असतो. गुळाच्या बाबतीत एक गैरसमज आपल्या जिल्ह्यात विशेष पक्का आहे, तो म्हणजे गूळ खाल्ल्याने वजन वाढत नाही. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी असतात आणि शंभर ग्रॅम गुळात सुमारे 380. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि चवीत तो साखरेला मागे टाकतो, पण वजनाच्या हिशेबात दोघांना एकाच खात्यात टाकावे लागते.

मटणाच्या थाळीचे गणित वेगळे आहे. सुक्क्या मटणातून प्रथिने मिळतात, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि ती बराच वेळ टिकते. ज्वारीच्या भाकरीला तेल लागत नाही. पांढऱ्या रश्श्याचा पाया मटणाच्या अळणी पाण्याचा असला, तरी त्यात नारळाचे दूध आणि बहुतेक ठिकाणी काजू, खसखस किंवा तीळ वाटून घातलेले असतात. तांबड्या रश्श्यात खोबऱ्याचे वाटण आणि वर कटाचा, म्हणजे तरंगणाऱ्या तेलाचा, लाल थर. सुके खोबरे दोन तृतीयांशाच्या आसपास निव्वळ स्निग्धच असते आणि स्निग्धाच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 कॅलरी येतात, तर पिष्ट आणि प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममागे 4. म्हणजे थाळीतला धोका मटणात कमी आणि वाटीत जास्त आहे. बहुतेक खानावळींत रस्सा हवा तितका मिळतो. वाढपी दोन्ही हातांत भांडी घेऊन फिरतो, वाटी अर्धी झाली की विचारण्याआधीच भरतो, आणि जेवणारा दोन वाट्यांचा हिशेब धरून बसलेला असताना प्रत्यक्षात चार-पाच वाट्या पोटात गेलेल्या असतात. यावर उपाय साधा आहे: वाटी आल्यावर ती मिनिटभर तशीच ठेवावी, कट वर जमला की चमच्याने बाजूला काढावा, आणि दुसऱ्या वाटीनंतर वाटी पालथी घालावी. पांढऱ्या रश्श्याला अजिबात शिवायचे नाही, असा सल्ला मी कुणाला देणार नाही. कोल्हापुरात राहून तो पाळला जात नाही आणि तो पाळण्याची गरजही नाही.

दोन्ही ताटांत निवड करायची झाली, तर एक भाकरी घेऊन भात सोडणाऱ्याला थाळी अधिक परवडते. पुरणपोळीच्या दिवशी दोन पोळ्या तुपासह खाव्यात आणि भात, भजी, कुरडई यांवर पाणी सोडावे. पोळी वर्षातून मोजक्या दिवशी होते, भात रोजच असतो. मटणाच्या थाळीत मात्र मिठाचे प्रमाण बरेच असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम मिठाच्या आतली आहे आणि दोन्ही रस्से, सुके, लोणचे मिळून ती एका जेवणात ओलांडणे अवघड नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी म्हणूनच थाळीपेक्षा पोळीकडे झुकावे, आणि मधुमेह असणाऱ्यांनी पोळीपेक्षा थाळीकडे. औषधे चालू असतील तर शेवटचा शब्द अर्थातच डॉक्टरांचा.

थाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहून घाबरण्याचे कारण नाही. खारट आणि पिष्टमय जेवणानंतर शरीर पाणी धरून ठेवते, त्यामुळे एका रात्रीत किलोभर वाढ दिसू शकते. एक किलो चरबी साठायला ढोबळ मानाने 7,700 जास्तीच्या कॅलरी लागतात, आणि एका बैठकीत तेवढे कुणालाही खाता येत नाही. दोन-तीन दिवस नेहमीचे जेवण झाले की ती वाढ बहुतेक उतरते.

खरी तफावत ताटाबाहेर आहे. सणाचे जेवण दुपारी दोन वाजता संपते, पण दिवाळीचा डबा पंधरा दिवस ओट्यावर राहतो. 25 ग्रॅमच्या दोन चकल्या म्हणजे सुमारे 250 कॅलरी, 40 ग्रॅमचा बेसनाचा लाडू 200 आणि मूठभर तळलेला चिवडा 150. चहाबरोबर, येता-जाता, शेजारच्यांच्या ताटातले एक, सासुरवाडीकडच्या डब्यातले एक, असे करत रोज एवढे सहज होते आणि त्याला कुणी जेवण म्हणत नाही. रोजच्या या 600 कॅलरी बारा दिवसांत 7,200 होतात. शरीर वहीखात्यासारखे काटेकोर चालत नाही, पण वाढ कोणत्या बाजूने येते हे या बेरजेतून कळते. एक थाळी फार तर सात-आठशे कॅलरींनी जास्त होते आणि तिथेच थांबते.

अमेरिकेत 195 प्रौढांवर झालेला आणि 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. तिथल्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणासुदीत वजन सरासरी अवघे 0.37 किलो वाढले, म्हणजे लोकांना वाटते त्याहून पुष्कळ कमी. पण ते नंतरच्या महिन्यांत उतरलेही नाही. पुढे 2018 मध्ये इंग्लंडमधल्या 272 जणांवरच्या प्रयोगात नाताळच्या काळात नियमित वजन करणाऱ्या आणि खाण्यापिण्याची माहिती दिलेल्या गटाचे वजन दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे अर्ध्या किलोने कमी राहिले. तिकडचे सण आणि पदार्थ वेगळे असले, तरी आठवड्यातून दोनदा काट्यावर उभे राहण्याची सवय इथेही तितकीच चालेल.

फराळातही सगळे पदार्थ सारखे नाहीत. भाजक्या पोह्यांचा किंवा पातळ पोह्यांचा चिवडा तळलेल्यापेक्षा बरा. करंजीत सुके खोबरे, साखर आणि तळण असे तिन्ही एकत्र येतात, म्हणून ती एक खावी. शंकरपाळी मला घातक वाटते, कारण ती कधी एक खाल्ली जात नाही. अनारसा मात्र वर्षातून एकदा होणारा आणि करणाऱ्याची परीक्षा पाहणारा पदार्थ आहे. तो वाट्याला आला तर बसून, वाटीत दूध घेऊन खावा.

नवरात्रातल्या उपवासाला अनेक जण वजन कमी करण्याची संधी समजतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही नसतात. त्याची शेंगदाणे आणि तूप घातलेली खिचडी नऊ दिवस दोन्ही वेळेला खाल्ली, तर भाकरी-भाजीच्या साध्या दिवसांपेक्षा त्या उपवासात खाणे जास्त होते. वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची पातळ आमटी, ताक आणि काकडी असा उपवास पुष्कळ हलका पडतो.

आता प्रवास. इथे पहिली निवड न्याहारीची असते. मिसळीतल्या मटकीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. मोड आलेले कडधान्य कोणत्याही आहारात बसते. भार पडतो तो शेव-फरसाणाचा आणि कटाचा. 40 ग्रॅम फरसाण म्हणजे 200 हून अधिक कॅलरी, आणि त्यावर दोनदा ‘कट वाढा’ म्हटले की मटकी शोधावी लागते. फरसाण निम्मे, कट वेगळ्या वाटीत आणि ब्रेडचे दोनच तुकडे, असे सांगितले तर कोणताही मिसळवाला ऐकतो. पोह्यांची बशी कॅलरीत कमी भरते, पण प्रथिने कमी असल्याने अकरा वाजता पुन्हा भूक लागते आणि मग वडापाव येतो. सकाळी सहाला निघून दुपारी पुण्यात जेवायचे असेल, तर मी सुधारित मिसळ सुचवेन.

कोल्हापूर ते पुणे हा रस्ता सुमारे 230 किलोमीटरचा आहे आणि त्यावर थांबण्यासारखी हॉटेले जागोजागी आहेत. तिथले बटर नान आणि काजू-मलईच्या भाज्या मटणाच्या थाळीइतक्याच जड असतात, पण थाळीसारखे समाधान देत नाहीत. माझ्या मते मोकळीक वाया घालवण्याची याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. याच रस्त्यासाठी पूर्वीच्या बायका दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देत असत. दशमी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते, हाताला रस्सा लागत नाही आणि गाडी थांबवावी लागत नाही. डबा विरुद्ध हॉटेल या तुलनेत डबा जिंकतो. अट एवढीच की तो जेवणाच्या वेळी उघडावा, पेठनाक्यापासून खंबाटकीपर्यंत मांडीवर उघडा ठेवू नये.

जवळच्या सहलींत पन्हाळा वजनदाराला सर्वांत अनुकूल आहे. तिथली झुणका-भाकरी, दही आणि मिरचीचा खर्डा हे जेवण पोटभर असते, त्यात साखर नसते, आणि तटबंदीवरून चालणेही होते. झुणक्यावरचे तेल तेवढे पाहून घ्यावे. वाडीला गेल्यावर बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी समोर येते. एका पेढ्यात 100 च्या आसपास कॅलरी असल्या, तरी तिथे उभे राहून खाल्लेल्या एका पेढ्याने काही बिघडत नाही. बिघडवतो तो घरी आणलेला अर्धा किलोचा पुडा. तो शेजारीपाजारी वाटायचा असेल तरच घ्यावा. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांनाही हाच नियम लागू आहे.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणे हा पाहुण्यांना दाखवण्याचा कार्यक्रम असतो. पेलाभर दुधात 200 ते 250 कॅलरी जातात, सोबत आठ-नऊ ग्रॅम प्रथिनेही मिळतात. रात्रीच्या जेवणानंतरच्या आइस्क्रीम घातलेल्या ‘कॉकटेल’ नावाच्या गोड पदार्थापेक्षा ते कधीही चांगले. मात्र जेवणावर जेवण म्हणून नाही, तर संध्याकाळच्या खाण्याऐवजी. न तापवलेले दूध लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि आजारी माणसांना देऊ नये.

मग मोकळीक कुठे घ्यावी? ज्याच्या घरी सणाला माणसे जमतात आणि जो एरवी फारसा बाहेर जात नाही, त्याने सणाच्या दिवशीचे ताट मनसोक्त जेवावे आणि उरलेल्या दिवसांचा डबा नजरेआड, वरच्या फळीवर ठेवावा किंवा मुळात निम्माच करावा. ज्याचे आठवड्यातले दोन-तीन दिवस फिरतीत जातात, त्याला प्रत्येक हॉटेलात सवलत घेता येणार नाही. त्याने आठवड्याचे एक जेवण ठरवून ते रीतसर जेवावे आणि बाकीच्या वेळी भाकरी, पालेभाजी, डाळ आणि ताक एवढ्यावर भागवावे. दोघांनीही जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे; कॅलरी त्यात फार जळत नाहीत, पण रक्तातली साखर कमी चढते. रंकाळ्याकाठच्या फेरीला हे कारण पुरेसे आहे, फक्त परतीच्या वाटेवर भेळेच्या गाड्या लागतात.

अडचण होते ती दोन्ही प्रसंग एकाच आठवड्यात आले की. भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी गाड्या गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या दिशेने निघतात, दुपारी मालवणात किंवा रत्नागिरीत मासे खायचे ठरलेले असते, आणि आई प्रेमाने फराळाचा भलामोठा डबा गाडीत देते. अशा वेळी मासे खावेत, सोलकढी प्यावी आणि फराळ मुक्कामी पोहोचल्यावर यजमानांच्या हाती द्यावा. घाट उतरेपर्यंत तो डबा डिकीत, सर्वांत खालच्या पिशवीत ठेवावा. मागच्या सीटवर ठेवलेला फराळ मुक्काम येण्याआधीच अर्धा होतो.