दशांशाच्या बेरजेसाठी 17 दांड्यांचा अबॅकस: घेताना आधी ठिपके बघा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या स्टेशनरी दुकानांत मिळणारा हा प्लास्टिक चौकटीचा अबॅकस. दर दांडीला वर 5 किमतीचा एक मणी, खाली 1 किमतीचे चार. पूर्णांकांची बेरीज कुठल्याही अबॅकसवर होते. दशांशाला मात्र वरच्या-खालच्या मण्यांमधल्या आडपट्टीवरचे ठिपके लागतात. इथे ते 3, 6, 9, 12 आणि 15व्या दांडीवर आहेत. मधली 9वी दांडी एकक धरा. उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश, आणि सहस्रांशावर नेमका पुढचा ठिपका येतो. किलो-ग्रॅमचे हिशेब म्हणूनच यावर फार छान बसतात.

संत्र्यांची दोन वजनं घ्या: 2.350 आणि 1.875 किलो. पहिलं मांडा, दुसरं डावीकडून मिळवत जा. एककावर 1 वाढवला की 3. दशांशावर 3 मध्ये 8 मिळवायला मणी पुरत नाहीत. 8 चा मोठा मित्र, म्हणजे 10 पुरे करणारा अंक, 2; तो काढा आणि एककावर 1 चढवा. दशांशावर 1 उरला, एकक 4 झाला. शतांशावर 5 आहे, त्यात 7: मोठा मित्र 3 वजा करायचा, म्हणजे 5 चा मणी वर सारून खालचे 2 आडपट्टीला लावा, मग दशांशावर 1 चढवा, तिथे 2 झाले. सहस्रांशावर 5 चा मणी खाली. उत्तर 4.225.

मुलं चुकतात ती 4.5 + 2.35 सारख्या गणितात. वहीतल्या सवयीने शेवटचे अंक एकाखाली एक आणतात, 5 मध्ये 35 मिळवतात आणि 6.40 लिहितात. खरं उत्तर 6.85. प्रत्येक संख्या ठिपक्यापासूनच मांडायला लावा, ही चूक थांबते.

मण्यांना धार चांगली आहे, बोटाखालून निसटत नाहीत. तक्रार ठिपक्यांची: ते नुसते रंगवलेले आहेत आणि घामट बोटांनी पुसट होतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हमखास. 9व्या दांडीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवा.

मणी शून्यावर आणायचं बटण हळू दाबलं तर एखादा मणी अर्ध्यातच राहतो. तो बहुधा उजवीकडच्या दांड्यांवर असतो, तिथे नजर जात नाही, आणि पुढच्या गणिताचा शतांश चुकतो. बटण दाबल्यावर आडपट्टीवरून तर्जनी एकदा शेवटपर्यंत फिरवाच. दुकानातही पाच-सहा वेळा दाबून बघा. मणी अडकत असेल तर दुसरा नग मागा.