लुडम डारे: गेमवर खरं मत हवं असेल तर

कोल्हापुरात स्वतः केलेला गेम मित्रांच्या ग्रुपवर टाकला की "नाद खुळा भावा!" येतं, खाली दोन-चार अंगठे, आणि विषय संपतो. माया खरी असते, पण गेम कुठे अडतोय ते त्यातून कळत नाही. म्हणून गेम जॅमच्या, म्हणजे ठरावीक तासांत गेम बनवायच्या स्पर्धेच्या, नादाला लागलेल्या प्रत्येकाला मी लुडम डारे या ऑनलाइन जॅममध्ये गेम टाकायला सांगतो.

हा जॅम 2002 पासून चालू आहे आणि फुकट आहे. 'कॉम्पो' या गटात एकट्यानं 48 तासांत सगळं करायचं, सोर्स कोडही द्यायचा. 'जॅम' नावाच्या दुसऱ्या गटात टीम चालते, 72 तास मिळतात. माझ्या लेखी खरी किंमत आहे ती त्यानंतरच्या सुमारे तीन आठवड्यांची. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळायचे, गुण द्यायचे आणि लिहायचं. किमान 20 जणांचे गुण मिळाल्याशिवाय निकालात नंबर लागत नाही, आणि ते 20 जण घरबसल्या येत नाहीत. तुम्ही इतरांना जितकं मनापासून लिहाल तितका तुमचा गेम यादीत वर सरकतो. तालमीत लढत धरल्याशिवाय डाव अंगी येत नाही, तसंच हे. हा नियम मला फार पटतो.

माझा गेम पंचगंगेच्या पुराचा होता. पाणी चढायच्या आत खालच्या खोलीतलं सामान माळ्यावर न्यायचं: सिलिंडर, तांदळाचं पोतं, शिलाई मशीन, कागदपत्रांची पत्र्याची पेटी. कडेला राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची पट्टी, 39 फुटांना पिवळी, 43 ला लाल. इशारा आणि धोका, हे दोन आकडे आपल्याकडे पावसाळ्यात पोराटोरांना पाठ असतात. परदेशातल्या एकानं लिहिलं, "पट्टी म्हणजे माझे पॉइंट्स असं वाटलं, म्हणून ती भरायची वाट बघत उभा राहिलो. लाल झाली तेव्हा आनंद झाला, आणि मग सगळं वाहून गेलं." बास, एवढंच. हे कर, ते बदल, असलं काही नाही. पण त्या चार ओळींत मला सगळं सापडलं. जॅमनंतरच्या आवृत्तीत पट्टी काढली आणि पाण्याची रेघ थेट दाराच्या चौकटीवर चढवली. मग पाणी आलंय हे कुणाला सांगावं लागलं नाही.

त्याच गेमखाली "फार अवघड आहे, सोपा करा" असंही कुणीतरी लिहिलं होतं. त्यावर काय करणार? पोतं जड वाटलं, की जिना सापडला नाही?

तेव्हापासून दुसऱ्याला लिहिताना मी आधी काय केलं ते लिहितो, मत नंतर. एका गेममध्ये काटे आणि फुलं एकाच लाल रंगात होती. "फुलं समजून काट्यांवर उड्या मारत राहिलो, पण पडताना वाजणारा आवाज इतका गोड होता की खेळ सोडवेना," असं लिहिलं. गेम करणाऱ्यानं लगेच विचारलं, कुठल्या स्क्रीनवर? असा प्रश्न आला की आपलं लिहिणं पोचलं म्हणायचं.

गुण फन, थीम, ग्राफिक्स, ऑडिओ, मूड अशा आठ सदरांत मिळतात. दुसऱ्याचं संगीत वापरलं असेल तर ऑडिओतून बाहेर राहायचं, हे योग्यच. पण आकड्यांतून शिकायला फारसं मिळत नाही. मूडला साडेतीन, मग पुढे काय? इच.आयओ या गेम टाकायच्या साइटवर जीएमटीकेसारखा हजारो गेमांचा जॅम असला की तिथे आणखी एक गणित: मतांची संख्या मध्यकापेक्षा, म्हणजे सगळ्या गेमांच्या मतसंख्या ओळीनं लावल्या की मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा, कमी पडली तर गुण खाली ओढले जातात. नवख्यानं तिथूनच सुरुवात केली तर निकाल बघून हिरमोड व्हायचा.

लुडम डारेला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो "छान गेम!" एवढंच लिहून पुढे जाणाऱ्यांमुळे, ते इथेही भरपूर आहेत. गेम ब्राउझरमध्ये चालेल असा द्या, गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधून तसा काढता येतो; एक्सई फाइल उतरवून घ्यायला लोक कचरतात. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. आणि गेमच्या वर्णनात एक नेमका प्रश्न टाका. "जिना दिसला का?" असं विचारलं की उत्तर हमखास येतं.